घरचा माणूस अटकेत, वकिलाला पैसे नाहीत: मोफत वकील मिळवायचा कसा आणि त्याच्याकडून काम करून घ्यायचं कसं

आमच्या जिल्हा न्यायालयाच्या पहिल्या मजल्यावर एक बाई प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून उभी होती. पिशवीत नवऱ्याचं आधार कार्ड, रेशन कार्ड आणि दोन जोडी कपडे. तिनं शिपायाला विचारलं, "सरकारी वकील कुठं बसतात?" त्यानं बोट दाखवलं. ती त्या खोलीत गेली आणि समोरच्या काळ्या कोटाला सगळं सांगायला लागली: नवरा त्या रात्री कुठं होता, कुणाबरोबर होता, किती प्यायला होता. समोरचा माणूस सज्जन निघाला. त्यानं तिला मध्येच थांबवलं. "ताई, मी तुमच्या नवऱ्याच्या विरुद्ध उभा राहणार आहे. तुम्हाला खाली जायचंय, विधी सेवेच्या ऑफिसात."

ही चूक रोज होते, म्हणून पहिली गोष्ट हीच. सरकारी वकील म्हणजे पोलिसांच्या बाजूनं खटला चालवणारा. आरोपीला सरकारच्या खर्चानं मिळतो तो वकील वेगळा. तो मिळतो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्याच आवारात असतं, आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. फौजदारी केसेससाठी आता बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी 'लोकअभिरक्षक कार्यालय' आहे. तिथले वकील पूर्णवेळ हेच काम करतात, त्यांना खासगी वकिली करता येत नाही. नाव जड आहे, बाहेर कुणी वापरत नाही, पण पाटी तीच असते. तीच शोधा.

मी बरीच वर्षं विधी सेवेच्या पॅनेलवर वकील म्हणून काम केलं. त्या अनुभवावरून सांगतो, वकील मिळणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. अडतं त्याच्या पुढे. आरोपी तुरुंगात, वकील कोर्टात, घरचे गावात, आणि या तिघांमध्ये माहिती फिरत नाही. ती फिरवणं घरच्यांच्या हातात असतं, पण हे त्यांना कुणी सांगत नाही. या लेखातला बराचसा मजकूर त्याबद्दलच आहे.

कुणाला मिळतो

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, अंमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्याच्या कलम १२ मध्ये यादी आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, वेठबिगारी किंवा मानवी तस्करीचे बळी, पूर-दुष्काळ-भूकंप किंवा जातीय अत्याचारात सापडलेले, आणि कोठडीत असलेला कुणीही. या सगळ्यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे, सुप्रीम कोर्टातल्या कामासाठी पाच लाखांची.

'कोठडीत असलेला कुणीही' हे शब्द परत वाचा. अटक झालेल्या माणसासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जातीचा दाखला लागत नाही. तहसील कचेरीत चार दिवस घालवून दाखला घेऊन येणारे भाऊ मी पाहिलेत, आणि तोवर इकडे रिमांड, म्हणजे कोठडीत ठेवण्याचा कोर्टाचा हुकूम, होऊन गेलेला असतो. उत्पन्नाची अट जिथं लागू आहे तिथंही प्रतिज्ञापत्र पुरतं. त्यावर अविश्वास ठेवायला कारण नसेल तर प्राधिकरणानं ते मान्य करावं असं कायदाच म्हणतो. खोटं मात्र लिहू नका, दिलेली मदत काढून घेता येते.

पोटगी, घरगुती हिंसाचार, जमिनीचा वाद अशा दिवाणी आणि कौटुंबिक कामांनाही हाच दरवाजा आहे. तिथं पॅनेलवरचा वकील मिळतो. या लेखात मी फौजदारीपुरतंच बोलणार आहे.

पहिले चोवीस तास

अटक केल्यापासून प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत माणसाला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. तेवढ्या वेळात काय करायचं ते क्रमानं सांगतो.

पोलिसांचा किंवा शेजाऱ्याचा फोन आला की आधी वेळ लिहून ठेवा. कुठल्याही कागदावर, पण लगेच. अटक नेमकी कधी झाली यावर पुढे वाद होतो, आणि 'फोन रात्री ९ वाजून १० मिनिटांनी आला' ही एक ओळ कामाला येते. मोबाइलमधली कॉल-यादी पुसू नका, तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

मग पोलीस ठाण्यात जा, शक्यतो दोघं मिळून. ठाणे अंमलदाराकडे तीन गोष्टी विचारा: गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं आणि तपासी अंमलदाराचं नाव. चौथी गोष्ट, कोर्टात कधी आणि कुठं हजर करणार. रविवार असेल तर सुट्टीच्या कोर्टात नेतात. ते कोर्ट नेहमीच्या इमारतीत, नेहमीच्या खोलीत असेलच असं नाही. घरचे सोमवारी सकाळी कोर्टात पोचतात आणि 'काल पाच दिवसांची पीसीआर झाली' असं कळतं, हे फार वेळा होतं.

पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, म्हणजे तुरुंग. कोर्टाच्या व्हरांड्यात ही दोन अक्षरजुळणं सतत ऐकू येतील. एमसीआर झाली की जामिनाचा अर्ज टाकायची वेळ झाली, असं व्यवहारात समजतात.

अटकेची कारणं लेखी द्यावी लागतात, आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत. सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२५ मध्ये हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलं. अटकेच्या वेळी लेखी देणं शक्यच नसेल तर तोंडी सांगावं, पण रिमांडसाठी हजर करण्याच्या निदान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. हा कागद मिळाला का, केव्हा मिळाला, हे वकिलाला आवर्जून सांगा. अटकेची खबर नातेवाइकाला देणं आणि चौकशीदरम्यान वकिलाला भेटू देणं हेही नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहेच, अनुक्रमे कलम ४८ आणि ३८ मध्ये. वकील चौकशीभर शेजारी बसू शकत नाही, पण भेटू शकतो.

पोलीस ठाण्यातूनच १५१०० हा नंबर लावा. विधी सेवेची देशभरची मोफत हेल्पलाइन आहे. जिल्हा कळवा, ठाणं कळवा, 'अटक झालीय, रिमांडला वकील हवाय' एवढंच सांगा. फोन लागला नाही तरी वाट बघत बसू नका. सकाळी साडेदहाच्या आत जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवेच्या खिडकीवर पोचा. रिमांडसाठी वकिलाची नेमणूक रोजच्या रोज केलेली असते. त्या दिवशी कोण आहे, कुठल्या कोर्टात आहे, ते तिथं कळतं.

हे काहीच जमलं नाही, आणि माणूस एकटाच मॅजिस्ट्रेटपुढे उभा राहिला, तर? तर त्यानं एक वाक्य बोलायचं: "साहेब, मला वकील नाही, मोफत वकील द्या." मोफत वकील मिळतो हे त्यानं विचारायच्या आधीच त्याला सांगणं हे खरं तर मॅजिस्ट्रेटचं काम आहे. बिहारमधल्या खत्री प्रकरणात सुप्रीम कोर्टानं डिसेंबर १९८० मध्येच ते सांगितलं होतं. २०१२ मध्ये मुंबई हल्ल्याच्या खटल्यात, ज्या आरोपीबद्दल कुणालाच कणव नव्हती त्या कसाबच्या अपिलात, कोर्टानं तेच आणखी ठामपणे मांडलं: पहिल्यांदा हजर केल्याबरोबर मॅजिस्ट्रेटनं सांगायचं, आणि न सांगणाऱ्यावर खातेनिहाय कारवाई होऊ शकते. पण पन्नास जणांचं बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या कामाची यादी, असलेल्या कोर्टात 'वकील आहे का?' हा प्रश्न इतक्या घाईत विचारला जातो की घाबरलेला माणूस नुसती मान हलवतो. मान हलली की 'आहे' असं धरलं जातं. म्हणून तोंडानं बोला.

मारहाण झाली असेल तर ती दोन ठिकाणी सांगायची. वैद्यकीय तपासणीच्या वेळी डॉक्टरांना आणि नंतर मॅजिस्ट्रेटना. दोन्हीकडे नोंद होते. तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे महिन्याभरानं वकिलाला, सांगून फारसं हाती लागत नाही.

मुलगा अठराच्या आतला असेल तर प्रश्नच वेगळा. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, त्याची केस बाल न्याय मंडळापुढे जाते. शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला घेऊन धावा. पोलिसांनी कागदावर 'वय १९' लिहिलं असेल तर ते दुरुस्त करायला हाच एक कागद.

अजून अटक झाली नसेल, पोलिसांनी नुसतं नोटीस देऊन बोलावलं असेल, तरी विधी सेवेकडे जाता येतं. अटकेपूर्वी, अटकेच्या वेळी आणि रिमांडला मदत देण्याची वेगळी पद्धत २०१९ मध्ये राष्ट्रीय प्राधिकरणानं आखून दिलीय. ही सोय फार कमी लोक वापरतात.

अर्ज

अर्ज छापील मिळतो, साध्या कागदावर मराठीत लिहिला तरी चालतो. लिहिता येत नसेल तर तिथला कर्मचारी किंवा विधी स्वयंसेवक लिहून देतो. तुरुंगातला माणूस तुरुंगातूनच अर्ज करू शकतो, तिथं विधी सेवेचं केंद्र असतं. निर्णय लगेच, आणि फार तर सात दिवसांत व्हावा असा नियम आहे. अर्ज दिल्यावर त्याच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. कोर्टाच्या आवारात शिक्का नसलेला कागद म्हणजे न दिलेला कागद.

नेमणुकीचं पत्र मिळालं की त्यावर वकिलाचं नाव असतं. ते पत्र घेऊन त्याच दिवशी वकिलाला भेटा. वकालतनाम्यावर, म्हणजे वकिलाला काम सोपवल्याच्या कागदावर, आरोपीची सही लागते. आरोपी तुरुंगात असेल तर तो कागद तुरुंगात जाऊन परत येतो, यातच आठवडा जातो. म्हणून रिमांडच्या दिवशीच, कोर्टाच्या दारात पोलीस उभे असताना, सही घेता आली तर घेऊन टाकावी.

एक पान

आता मुख्य मुद्दा. मोफत मिळालेल्या वकिलाकडे तुमची केस म्हणजे एक नंबर आणि चार कलमं एवढीच येते. खासगी वकिलाकडे तुम्ही अर्धा तास बसता, चहा पिता, सगळं सांगता. इथं तो अर्धा तास मिळेलच असं नाही. म्हणून तो एका पानात भरून न्यायचा.

त्या पानावर काय लिहायचं? वर आरोपीचं नाव, वय, शिक्षण, गुन्हा नंबर, ठाणं. खाली अटकेची तारीख आणि वेळ. मग घरात कोण कोण आहे, कमावणारा कोण, आजारी कोण, किती वर्षं याच पत्त्यावर राहता, घर स्वतःचं की भाड्याचं. जामीन देताना कोर्ट बघतं ते हेच, की हा माणूस पळून जाईल का. आधी कुठली केस होती का, असेल तर खरं लिहा. लपवलेली केस सरकारी वकील आपल्या म्हणण्यात लिहून आणतोच, आणि मग तुमच्या वकिलाची भर कोर्टात पंचाईत होते. काही औषधं चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. जामीन राहू शकतील अशा दोन माणसांची नावं आणि फोन. आणि सगळ्यात शेवटी, घटनेच्या वेळी तो कुठं होता आणि ते कुणाला माहीत आहे.

एक आई आठवते. मुलावर मोटारसायकल चोरीचा आरोप होता. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती भिंतीवरच्या कालनिर्णयचं पान फाडून घेऊन आली. त्यावर दुधाचा हिशोब होता, अर्धा लिटर, एक लिटर, आणि काही तारखांच्या कोपऱ्यात धाकट्या मुलीनं पेन्सिलीनं 'रापा' असं लिहिलेलं. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "रातपाळी. त्या दिवशी डबा रात्रीचा द्यायचा असतो ना." चोरीच्या तारखेवर 'रापा' होतं. तिथून कारखान्याचं हजेरी पुस्तक सापडलं, आणि जामीन मिळाला. पण मी तिला एका गोष्टीबद्दल रागावलोच: पान फाडायला नको होतं. अख्खं कॅलेंडर आणायला हवं होतं. सुटं पान कधीही लिहिता येतं असं समोरचा म्हणणार. तुमच्याकडे असं काही असेल, हजेरी, पावती, एसटीचं तिकीट, मोबाइलमधला फोटो, तर मूळ वस्तू जशी आहे तशी सांभाळा आणि वकिलाला झेरॉक्स द्या. सीसीटीव्हीचं तर आणखी घाईचं. बहुतेक दुकानांतलं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा, म्हणजे ते जपून ठेवायचा अर्ज करता येईल.

दोन गोष्टी करू नका. फिर्यादीच्या घरी जाऊन हातापाया पडू नका. तुमचा हेतू माफी मागण्याचा असतो, कागदावर ते 'साक्षीदारावर दबाव' म्हणून येतं. आणि तुरुंगातल्या मुलाकातीत घटनेबद्दल बोलू नका. तिथं तब्येतीचं बोला, पैशाचं बोला, पुढच्या तारखेचं बोला.

तारीख कशी कळते

केसला सोळा अक्षरांचा एक सीएनआर नंबर मिळतो. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते दिसतं. वकिलाला दर वेळी फोन करून तारीख विचारण्यापेक्षा हे बरं. फोन खऱ्या कामासाठी राखून ठेवा. एफआयआरची प्रतही पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळते, लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील गुन्हे सोडून.

तीन आकडे घरच्यांनी स्वतः मोजायचे. पहिला, ६० किंवा ९० दिवस. ज्या गुन्ह्याला फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि त्याहून जास्त शिक्षा आहे तिथं ९०, बाकीच्यांना ६०. पहिल्या रिमांडचा दिवस धरून मोजा. एवढ्यात दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. पण अर्ज टाकावा लागतो, आणि दोषारोपपत्र दाखल व्हायच्या आधी टाकावा लागतो. एक दिवस उशीर झाला आणि सकाळी अकराला दोषारोपपत्र दाखल झालं, तर हक्क गेला. अमली पदार्थ, मकोका, यूएपीए अशा कायद्यांत मुदत वाढू शकते, ते वकिलाला विचारा. दुसरा आकडा, कमाल शिक्षेचा तिसरा हिस्सा. पूर्वी कधी शिक्षा न झालेल्या माणसानं तेवढा काळ आत काढला तर त्याच नव्या संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे त्याला सोडायला हवं. इतरांसाठी अर्धा हिस्सा. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे पहिल्यांदा सापडलेल्याला एक वर्ष. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून जास्त केसेस चालू असतील तरीही नाही. ही संहिता लागू होण्याच्या, म्हणजे जुलै २०२४ च्या, पूर्वीच्या केसेसनाही हे लागू आहे असं सुप्रीम कोर्टानं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं. या कलमाखाली कोर्टाला कळवणं हे तुरुंग अधीक्षकाचं काम आहे. तरी तुम्ही मोजत राहा. तिसरा आकडा पुढे येतो.

जामीन मिळाला, माणूस आतच

मला सगळ्यात जास्त छळलेली गोष्ट ही. जामिनाचा हुकूम होतो, घरी पेढे वाटतात, आणि माणूस पुढचे दोन महिने आतच. कारण हुकुमात लिहिलेलं असतं, 'रु. २५,०००चा जातमुचलका आणि तितक्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार.' जातमुचलका म्हणजे आरोपीची स्वतःची लेखी हमी. जामीनदाराकडून सातबारा किंवा घरपट्टीची पावती, पगारपत्रक, रेशन कार्ड, आणि बऱ्याच कोर्टांत तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मागतात. परगावाहून कामाला आलेल्या बिगाऱ्याला या शहरात सातबारावाला कुठून मिळणार? मोतीराम खटल्यात १९७८ सालीच न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी यावर ताशेरे ओढले होते. मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला दहा हजारांचा जामीन मागितला होता, आणि त्याच्या भावाचं जामीनपत्र दुसऱ्या जिल्ह्यात मालमत्ता आहे म्हणून नाकारलं होतं. आजही तेच कारण ऐकू येतं.

काय करायचं ते असं. जामिनाचा अर्ज टाकतानाच वकिलाला सांगा की जामीनदार नाही, रोख रक्कम भरायची परवानगी मागा. तेवढीही नसेल तर नुसत्या जातमुचलक्यावर सोडण्याची विनंती करा. हुकूम झाल्यानंतरही अट बदलून मागता येते. गुन्हा जामीनपात्र असेल आणि अटकेपासून आठवड्यात जामीन देता आला नाही, तर तो माणूस गरीब आहे असं धरून जातमुचलक्यावर सोडा, असं संहितेचं कलम ४७८ सांगतं. आणि हा तिसरा आकडा: सात दिवस. सुप्रीम कोर्टानं ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलंय की जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकानं विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिना झाला तर कोर्टानं स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करायचा. आठव्या दिवशी विधी सेवेच्या कार्यालयात जाऊन हे सांगा. लेखी सांगा.

गरीब कैद्यांना मदत करण्याची केंद्र सरकारची योजनाही आहे. २०२३ च्या मूळ मार्गदर्शक सूचनांत जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि दंड भरण्यासाठी २५ हजारांपर्यंत रक्कम जिल्हा समिती मंजूर करू शकत होती. विधी सेवेच्या सचिवांना या योजनेचं नाव घेऊन विचारा. नाव घेतल्याशिवाय कुणी आपणहून सांगेल याची खात्री मी देत नाही.

कोर्टाबाहेर घुटमळणाऱ्या भाडोत्री जामीनदारांपासून लांब राहा. त्यांचे कागद खोटे निघाले की केस वाढते, आणि वाढते ती तुमच्या माणसावर. सुटकेचा हुकूम निघाला की तो त्याच दिवशी तुरुंगात पोचला का ते बघा. काही कारागृहांत बाहेर सुटकेचे हुकूम टाकायची जामीनपेटी असते आणि ती ठरावीक वेळीच उघडतात. वेळ चुकली की आणखी एक रात्र.

वकील फोन का उचलत नाही

आता वकिलाची बाजू, कारण ती समजल्याशिवाय त्याच्याकडून काम होत नाही. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे अजून दोषी न ठरलेली. यांतल्या बहुतेकांना वकील परवडत नाही. २०२२ च्या योजनेनं लोकअभिरक्षक आले, तेव्हा मुख्य पदाला फौजदारीतला किमान दहा वर्षांचा अनुभव आणि उपमुख्य पदाला सात वर्षांचा, अशी अट घातली. हे चांगलं झालं. पूर्वी नुकती सनद मिळालेली पोरं खुनाच्या खटल्यात उभी राहायची. पण नेमणूक कराराची, सुरुवातीला दोन वर्षांची. सहायक शिकून तयार होतो आणि खासगीकडे निघून जातो. तुमची केस तिसऱ्या हातात जाते आणि तो पहिल्यापासून वाचायला लागतो. म्हणून ते एक पान स्वतःजवळही ठेवा.

समोरच्या सरकारी वकिलाच्या मागे अख्खं पोलीस ठाणं आहे. लोकअभिरक्षकाकडे तपासाला माणूस नाही, तज्ज्ञ नाही, गावात जाऊन साक्षीदार शोधायला गाडी नाही. तुरुंगात भेट झाली तरी एका फेरीत वीस जणांना भेटायचं असतं. कोर्टात आरोपीला आणायला पोलीस पार्टी उपलब्ध नसते, मग व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर हजेरी. पडद्यावर माणूस दिसतो, पण वकिलाच्या कानात चार शब्द बोलता येत नाहीत. मध्य प्रदेशातल्या अनोखीलाल प्रकरणात तर वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले, आणि पुढच्या पंधरवड्यात सगळा खटला उरकून फाशी सुनावली गेली. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल रद्द केला आणि सांगितलं, जन्मठेप किंवा फाशीच्या खटल्यात किमान दहा वर्षांचा वकील द्या आणि तयारीला सर्वसाधारणपणे निदान सात दिवस द्या. तुमच्या खटल्यात अशीच घाई चालली असेल तर वकिलानं मुदत मागावी म्हणून तुम्ही आग्रह धरू शकता.

एकाच गुन्ह्यात दोन आरोपी असतील आणि एकाचा बचाव दुसऱ्याच्या मुळावर येत असेल, तर दोघांना वेगळे वकील हवेत. हे पहिल्या दिवशी सांगा. मध्येच उघड झालं तर दोघांचंही नुकसान.

वकिलानं पैसे मागितले तर

द्यायचे नाहीत. टायपिंगचे नाहीत, झेरॉक्सचे नाहीत, 'वर द्यावे लागतात' म्हणून तर अजिबात नाहीत. कोर्ट फी, नकला, भाषांतर, मसुदा, सगळा खर्च प्राधिकरणाचा. तक्रार प्राधिकरणाच्या सचिवांकडे करायची. सचिव हे न्यायिक अधिकारी असतात, त्यांच्यावर प्रधान जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष म्हणून असतात. तक्रारीत विशेषणं नकोत. तारीख, काय म्हणाला, कुणासमोर म्हणाला, एवढं पुरे. काम करत नाही, तारखांना गैरहजर राहतो, अशी तक्रार असेल तर ई-कोर्ट्सवरच्या त्या तारखांचे प्रिंट जोडा. वकील बदलून मागता येतो. पण खटला साक्षीपुराव्याला आला असताना बदलताना दहादा विचार करा, नव्या माणसाला उलटतपासाची तयारी पहिल्यापासून करावी लागते.

आणि हेही सांगतो, 'फुकटचा म्हणून बघत नाही' अशी समजूत करून घेऊन मध्येच दागिने मोडणारे लोक मी पाहिलेत. मोडायच्या आधी एकदा सचिवांना भेटा.

शिक्षा झाली तर

कारावासाची शिक्षा झाली की निकालाची प्रत लगेच आणि विनामूल्य द्यावी लागते. अपिलाला पुन्हा मोफत वकील मिळतो, हायकोर्टात त्यासाठी वेगळी विधी सेवा समिती आहे. सेशन कोर्टात अपील ३० दिवसांत, हायकोर्टात ६० दिवसांत. कैद्याला तुरुंग अधीक्षकामार्फतही अपील पाठवता येतं. उशीर झाला तर माफीचा अर्ज करता येतो, पण कारण दाखवावं लागतं.

हे सगळं ज्या निकालानं पक्कं झालं तो महाराष्ट्रातलाच, होसकोट विरुद्ध महाराष्ट्र सरकार, १९७८ चा. निकालाची प्रत तुरुंग कार्यालयात आली, ती कैद्याच्या हाती पडली याचा पत्ता नाही, आणि सुप्रीम कोर्टात यायला चार वर्षांहून जास्त उशीर झालेला. तेव्हापासून नियम असा की प्रत देताना कैद्याची पोच घ्यायची. म्हणून पुढच्या मुलाकातीत पहिला प्रश्न हा विचारा: प्रत मिळाली का, आणि सही कुठल्या तारखेला केली. ती तारीख घरी येऊन कॅलेंडरवर लिहा, आणि पान फाडू नका.